तिशीनंतरची मोफत तपासणी: बीपी, शुगर आणि तीन कर्करोग

देशातील ३० वर्षे आणि त्यापुढील प्रत्येक स्त्री-पुरुषासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत पाच आजारांची प्राथमिक तपासणी मोफत केली जाते. उच्च रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे ते पाच आजार आहेत. शेवटचे दोन अर्थात स्त्रियांसाठी. कर्करोगांची तपासणी साधारण ६५ वर्षांपर्यंत केली जाते. बीपी-शुगरला वयाची वरची मर्यादा नाही.

हे काम ज्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली चालते तो २०१० साली सुरू झाला. २०२३ मध्ये त्याचे नाव 'राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम' असे झाले. गावातले उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र २०१८ पासून 'आयुष्मान भारत आरोग्यवर्धिनी केंद्र' झाले, आणि २०२३ पासून त्याच केंद्रांच्या दारावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. नाव बदलले तरी केंद्र तेच आहे. जुनी माणसे त्याला अजून 'सबसेंटर' म्हणतात. तसे विचारले तरी रस्ता सापडतो.

या सेवेसाठी रेशनकार्डाचा रंग, उत्पन्नाचा दाखला किंवा विम्याचे कार्ड लागत नाही.

आधी एका शब्दाबद्दल

मराठीत 'तपासणी' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पोटात दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तीही तपासणी. काहीही दुखत नसताना आशाताईंच्या सांगण्यावरून बीपी मोजून घेतला, तीही तपासणीच. या पानावरची तपासणी दुसऱ्या प्रकारची आहे. काही जुन्या पुस्तिकांत तिला 'चाळणी चाचणी' म्हटलेले आढळते, आणि तो शब्द खरे तर चपखल आहे. चाळणीतून धान्य काढताना खडा तेवढा वर राहतो असे नसते, एखादा जाड दाणाही वर राहतो. मग तो हातात घेऊन पाहावा लागतो. तसेच या चाचणीत 'संशयित' निघणे म्हणजे आजार आहे असे नव्हे. पुढची, नेमकी चाचणी करून पाहायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. ती पुढची चाचणी म्हणजे निदान.

केंद्रावरच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असू शकते. तो शब्द वाचून घरात रडारड होते आणि मग माणूस पुढच्या दवाखान्यात जायलाच तयार होत नाही. म्हणून हे सुरुवातीलाच सांगितले.

आशाताई फॉर्म घेऊन येतात तेव्हा

कामाची सुरुवात घरातून होते. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घराण्यातील आजार यांवर गुण दिले जातात. हे गुण जितके कमी तितके बरे.

वयाला ३० ते ३९ मध्ये एक गुण, ४० ते ४९ मध्ये दोन, ५० ते ५९ मध्ये तीन. तंबाखू किंवा विडी-सिगारेट कधीच नसेल तर शून्य, पूर्वी घेत होता किंवा अधूनमधून घेत असाल तर एक, रोज घेत असाल तर दोन. रोजच्या दारूला एक. कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरपर्यंत आणि स्त्रियांसाठी ८० पर्यंत असेल तर शून्य. पुढच्या दहा सेंटिमीटरला एक, त्याहून जास्त असेल तर दोन. आठवड्यात १५० मिनिटे अंगमेहनत होत नसेल तर एक. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार असेल तर दोन. एकूण बेरीज चारच्या पुढे गेली की त्या व्यक्तीला तपासणीच्या दिवशी आधी बोलावले जाते.

समजा एक गृहस्थ ४६ वर्षांचे आहेत, दुकानात बसून काम करतात, रोज तंबाखू मळतात आणि कंबर ९६ सेंटिमीटर आहे. वयाचे दोन, तंबाखूचे दोन, कमरेचा एक, बैठ्या कामाचा एक, असे सहा गुण झाले. त्यांना काहीही त्रास होत नसला तरी त्यांचा नंबर पहिला लागतो.

आता ३४ वर्षांची शेतमजूर बाई घ्या. व्यसन नाही, कंबर ७६, दिवसभर राबणे, पण आईला शुगर. वयाचा एक आणि आईच्या आजाराचे दोन, एकूण तीन. बेरीज चारच्या आत आहे, म्हणून तिची तपासणी टळते असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. गुण फक्त कुणाला आधी बोलवायचे हे ठरवतात. तीस पूर्ण झालेल्या प्रत्येकाची तपासणी करायचीच आहे.

फॉर्मच्या दुसऱ्या भागात लक्षणे विचारतात: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, तोंडात न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, स्तनात गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणे. यातल्या एकालाही 'हो' उत्तर असेल तर गुणांची बेरीज पाहत बसायची नसते, थेट डॉक्टरांकडे पाठवायचे असते.

खरी अडचण या भागात येते. प्रश्न ओसरीवर विचारले जातात, शेजारी सासरे बसलेले असतात आणि शेजारीण भाजी निवडत असते. अशा वेळी 'अंगावरून जाते का' याला कोण हो म्हणेल? तुम्ही घरातले पुरुष किंवा वडीलधारे असाल तर त्या दहा मिनिटांसाठी बाजूला व्हा. तुम्ही उत्तर देणाऱ्या असाल तर 'ताई, आत चला, तिथं भरू' असे म्हणायला हरकत नाही. तंबाखूच्या प्रश्नात मिश्रीही धरा. बऱ्याच स्त्रिया मिश्रीला व्यसन मानत नाहीत, ती दात घासण्याचा भाग समजतात आणि फॉर्मवर 'नाही' लिहिले जाते. खर्रा, मावा, गुटखा, तपकीर हेही त्याच रकान्यात येते.

केंद्रावर काय होते

उपकेंद्रात आठवड्यातला एक दिवस या तपासणीसाठी ठरवलेला असतो. तो वार गावोगावी वेगळा असतो, आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला विचारून घ्या. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना गावात सीएचओ म्हणतात, आणि आरोग्यसेविका तपासणी करतात.

बीपी आणि शुगरला मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. अर्धा तास आधीपासून चहा आणि तंबाखू नको. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजतात आणि एका दिवसाच्या मोजणीवर सहसा औषध सुरू करत नाहीत. मात्र १८०/११० च्या वर आकडा गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. शुगर बोटातून थेंबभर रक्त घेऊन पाहतात, त्यासाठी उपाशी जायची गरज नाही. आकडा १४० च्या वर आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटीची चाचणी होते. तिथे १२६ किंवा त्याहून जास्त आले तर मधुमेह समजतात. या दोन्ही चाचण्या दरवर्षी करून घ्यायच्या असतात.

तोंडाची तपासणी बॅटरीच्या उजेडात करतात. कवळी असेल तर काढायला सांगतात. गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरड्या आणि टाळू हे सगळे पाहतात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, ताठर झालेला गाल हे शोधायचे असते. घरीही एक साधी खूण पाहता येते. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. गुटखा, सुपारी खाणाऱ्याची तीन बोटे जात नसतील तर तोंड आखडायला लागले आहे असे समजून दाखवायला जावे. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचे चट्टे बहुतेक वेळा दुखत नाहीतच.

स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका किंवा स्त्री-अधिकारी हाताने करतात. यंत्र लागत नाही. गाठ लागली तर सोनोग्राफी, मॅमोग्राफी किंवा सुईने पेशी काढून तपासणे हे वरच्या रुग्णालयात होते. हाताला लागणाऱ्या बऱ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात, पण कोणती कसली आहे हे हाताने ठरत नाही.

गर्भाशयमुखाची तपासणी

या तपासणीबद्दल सगळ्यात जास्त धास्ती असते आणि सगळ्यात कमी बोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचे तोंड. तिथल्या कर्करोगाचे मूळ जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूत असते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की तो असण्यावरून कुणाच्या वागण्याबद्दल काहीही ठरवता येत नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो टिकून राहतो आणि तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलांपासून कर्करोग होईपर्यंत साधारण दहा ते वीस वर्षे जातात. बदल त्या काळात सापडला तर तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकता येतो. त्यासाठी गर्भपिशवी काढावी लागत नाही आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते.

केंद्रात होणाऱ्या चाचणीला व्हीआयए म्हणतात. बाळंतपणाच्या वेळी झोपतात तसे टेबलावर झोपायचे असते. सिस्टर योनिमार्गात एक उपकरण घालून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहतात आणि त्यावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. स्वयंपाकातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल. एक मिनिट थांबून तो भाग पांढरा होतो का ते बघतात. थोडी चुरचुर होते. कापाकापी नाही, इंजेक्शन नाही, उत्तर तिथल्या तिथे मिळते. सगळे मिळून पाच-सात मिनिटे लागतात. पाळी चालू असताना आणि गरोदरपणात ही चाचणी करत नाहीत. बाळंतपणानंतर तीन महिने थांबतात. पाळी बंद होऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांत ही पद्धत तितकी उपयोगी पडत नाही, तेव्हा डॉक्टर दुसरी चाचणी सुचवू शकतात.

पडदा असलेली खोली आणि स्त्री कर्मचारी मागणे हा तुमचा हक्क आहे. सगळ्याच उपकेंद्रांत ही सोय नसते. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. एकटीला संकोच वाटत असेल तर जावा-जावांनी, सासू-सुनेने मिळून जावे. गावागावांतून आशाताईंचा अनुभव असा की एक बाई जाऊन आली आणि 'काही नाही गं, दुखत नाही' म्हणाली की पुढच्या आठवड्यात पाच येतात.

गर्भपिशवी काढलेली असेल तर ते सिस्टरना आवर्जून सांगा. मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या कमी वयात काढल्याची प्रकरणे २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आली होती. अशा अनेकींना आपले नेमके काय काढले आहे हे माहीत नसते. काही शस्त्रक्रियांत पिशवी काढतात पण तिचे तोंड जागेवर राहते. मग या तपासणीची गरजही राहते. शस्त्रक्रियेचा कागद असेल तर सोबत न्या. नसेल तर सिस्टर पाहून सांगू शकतात.

याचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि हे सांगणारे काही भक्कम पुरावे आपल्याच भागातले आहेत.

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होते. गावांचे गट करून एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्यात नेहमीचीच सेवा असे ठरवले. आठ वर्षांनी असे दिसले की आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू चौथ्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र तसा ठळक फरक पडला नाही.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारकानेच सुमारे दीड लाख स्त्रियांत केलेल्या अभ्यासात व्हीआयए दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या स्त्रिया होत्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले तर व्हीआयए एकदा करून विसरण्याची चाचणी नाही हे लक्षात येते. सरकारी कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी करायची आहे. पाच वर्षांनी बोलावणे आले नाही तरी आपण होऊन जा. एचपीव्हीची चाचणी जवळपास उपलब्ध असेल तर ती अधिक खात्रीची, जागतिक आरोग्य संघटनाही तिलाच पहिली पसंती देते.

तोंडाच्या कर्करोगाबाबत केरळात, तिरुवनंतपुरमजवळ, १९९६ पासून झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसते डोळ्यांनी पाहून केलेल्या तपासणीमुळे तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. व्यसन नसलेल्यांत असा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे घरात एकाच माणसाला तोंड दाखवायला न्यायचे असेल तर तंबाखू खाणाऱ्याला न्या.

स्तनाच्या हाताने केलेल्या तपासणीचे चित्र थोडे संमिश्र आहे. मुंबईच्या अभ्यासात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसे सिद्ध झाले नाही. म्हणून तरुण स्त्रियांनी दुर्लक्ष करावे असे नाही. आपल्या स्तनात काही बदल वाटला तर पाच वर्षांच्या फेरीची वाट न पाहता दाखवावे.

बीपी आणि शुगरबद्दल वेगळा पुरावा द्यायची गरज नसावी. पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, डोळ्यांचा पडदा खराब होणे, पायाची न भरणारी जखम ही दोघांची पुढची वाट आहे आणि सुरुवातीची काही वर्षे काहीच जाणवत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात होते, २६.४ टक्के. याउलट, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तन आणि तोंड यांची तपासणी झालेल्या एक टक्काही नव्हत्या. सोय नसल्यामुळे किती आणि संकोचामुळे किती हे आकडा सांगत नाही.

संशयित निघाल्यावर

या कार्यक्रमाची सगळ्यात कच्ची बाजू इथे आहे. उपकेंद्रात तपासणी झाली, कागद हातात मिळाला, तालुक्याला जायला सांगितले. तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तिथून जिल्ह्याला पाठवले की दुसरा दिवस. सोबत कुणीतरी लागते. मध्येच पेरणी येते, लग्न येते. कागद पत्र्याच्या पेटीत जातो. चाळणी झाली आणि खडा पुन्हा धान्यातच पडला, असे होते.

ते टाळण्यासाठी काही गोष्टी निघण्यापूर्वीच विचारून घ्या. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात आणि कोणत्या वारी जायचे? तिथे त्या दिवशी तज्ज्ञ असतात का? ही चौकशी सीएचओ फोनवर करू शकतात. उपकेंद्रातूनच ई-संजीवनीवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येते, कधी कधी त्यानेच एक फेरी वाचते. पाठवणीची चिठ्ठी मागून घ्या आणि तिच्यावर तपासणीचा निकाल लिहिला आहे ना ते पाहा. तारीख आशाताईंना सांगून ठेवा. संशयित व्यक्ती पुढे पोहोचली का हे पाहणे त्यांच्या कामाचा भाग आहे. त्या विचारायला आल्या तर चौकशी करतात म्हणून राग मानू नका.

तोंड, स्तन किंवा गर्भाशयमुख यांपैकी कशाचीही शंका असेल तर पुढची तपासणी दिवाळीनंतर, हंगाम संपल्यावर अशी लांबवू नका. तुकडा काढून तपासल्याने कर्करोग पसरतो ही भीती अनेक घरांत असते. तिला आधार नाही. तुकड्याच्या तपासणीशिवाय उपचार कोणता द्यायचा हेच ठरत नाही.

बीपी-शुगरचे औषध सुरू झाले की वेगळीच अडचण येते. महिनाभराने आकडा नीट येतो आणि माणूस म्हणतो, बरे झाले, आता गोळी कशाला. आकडा नीट आला आहे तो गोळीमुळे. ती कमी करायची की बंद करायची हे डॉक्टर सांगतील.

खर्च, औषधे आणि कार्ड

तपासणी मोफत आहे. आशाताईंना फॉर्मसाठी किंवा केंद्रात चाचणीसाठी पैसे द्यायचे नसतात. केंद्राच्या ठरलेल्या यादीनुसार उपकेंद्र पातळीवर १०६ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात १७२ औषधे असायला हवीत, त्यांत बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या येतात. साठा संपलेला असेल तर कधी येईल ते विचारा आणि शेवटची पट्टी संपायच्या आठवडाभर आधीच केंद्रात जा.

पाच लाखांचे आयुष्मान कार्ड, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, या तपासणीसाठी नाही. ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी लागली तर तिथे उपयोगी पडते. महाराष्ट्रात ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेले आहे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही आहे. ७० वर्षांवरील प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता हे कार्ड मिळते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक वेगळा. तो काढला तर तपासणीच्या नोंदी त्याला जोडता येतात. तो ऐच्छिक आहे, नाही म्हणून तपासणी नाकारता येत नाही.

शहरात खासगी प्रयोगशाळा 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती करतात, साठ-सत्तर चाचण्या एका पॅकेजमध्ये. त्यांत रक्ताचे अहवाल भरपूर असतात, पण बहुतेक पॅकेजमध्ये तोंडात बॅटरी टाकून कुणी पाहत नाही आणि व्हीआयएही नसते. पैसे खर्च करून आलेला जाड अहवाल हातात असला तरी या पाचांपैकी किती तपासले गेले ते मोजून पाहा.

गाव सोडून राहणाऱ्यांसाठी

सुरत, हैदराबाद, इंदूर, बेळगाव, कुठेही राहत असलात तरी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. गावचा पत्ता असलेले आधार चालते. अडचण भाषेची येऊ शकते, विशेषतः दुसऱ्या भागातल्या प्रश्नांना. ओळखीची, तिथली भाषा येणारी स्त्री सोबत न्या. लहान मुलांना दुभाषी म्हणून नेऊ नका. आईला त्यांच्यासमोर या गोष्टी बोलता येत नाहीत.

ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर सहा-सहा महिने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी केंद्रात सांगावे. बीपी-शुगरच्या गोळ्या जास्त दिवसांच्या मिळतात का ते विचारावे आणि चालू औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पाठवणी बाकी असलेल्या स्त्रियांनी तर ती पूर्ण करूनच टोळीबरोबर निघावे, मुकादमाला उचल परत करायची असली तरी. परत येईपर्यंत सहा महिने जातात.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

*माझे वय २७ आहे, पण तंबाखू आहे. तपासणी होईल का?* फेरीत तुमचे नाव तीस पूर्ण झाल्यावर येईल. पण तोंडात चट्टा किंवा जखम असेल, तोंड कमी उघडत असेल तर वय न पाहता केंद्रात दाखवा.

*एचपीव्हीची लस घेतली आहे.* चांगले केले. तरी तिशीनंतर तपासणी करावी. लस विषाणूच्या सगळ्याच प्रकारांना रोखत नाही.

*मागच्या वर्षी सगळे नीट आले होते.* बीपी-शुगर यंदा पुन्हा. कर्करोगाच्या तपासण्या पाच वर्षांनी, पण मध्ये लक्षण दिसले तर लगेच.

*तंबाखू सोडायची आहे, जमत नाही.* १८०० ११ २३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रही असते.

*निकालाची भीती वाटते, झोप लागत नाही.* १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येते.

जाताना ओळखीचा कोणताही एक पुरावा, जुने दवाखान्याचे कागद आणि चालू गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा. स्त्रियांनी शेवटच्या पाळीची तारीख आठवून किंवा लिहून न्यावी. मोकळी बाही आणि साडी किंवा सैल परकर-कुर्ता असेल तर तपासणी सोपी जाते. केंद्राचा वार आणि वेळ एक दिवस आधी फोन करून विचारा, कारण त्या दिवशी लसीकरण असेल तर तपासणी पुढे ढकलली जाऊ शकते.